लाल रेघेपलीकडचा स्टँड

माझी तीस वर्षं सायकली दुरुस्त करण्यात गेली आणि त्यानंतरची काही वर्षं सायकली शोधण्यात. पहिल्या कामात हात काळे व्हायचे, दुसऱ्यात डोकं फिरायचं. तरीही कुणी विचारलं की यातलं कोणतं काम पुन्हा कराल, तर मी दुसऱ्यावर बोट ठेवीन.

उस्मानपुऱ्यात माझं सायकलचं दुकान होतं. तासावर सायकल भाड्याने द्यायची, पंक्चर काढायचं, वाकड्या रिंगचा आउट काढायचा. पुढं पोरांच्या बुडाखाली मोटरसायकली आल्या आणि माझ्या दुकानात माशा आल्या. त्याच सुमारास शहरात सार्वजनिक सायकलची योजना सुरू झाली. कंत्राट घेतलेल्या कंपनीला गल्लीबोळ माहीत असलेला मिस्त्री हवा होता. मी गेलो, त्यांनी मला निळा शर्ट दिला आणि फील्ड सुपरवायझर केलं. बायको म्हणाली, "म्हणजे तेच काम, फक्त इस्त्रीच्या शर्टात." तिचं बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, या कामात पंक्चर आणि चेनला तेल एवढंच असेल. ते अर्ध्या दिवसाचं. खरं काम आहे सायकली जिथं नाहीत तिथं नेऊन ठेवण्याचं. योजना अशी की एका स्टँडवरून सायकल घ्या, मोबाइलवर कुलूप उघडा, हवं तिथं जा आणि दुसऱ्या स्टँडवर लावून टाका. कागदावर छान दिसतं. पण आपला माणूस उताराला सायकल घेतो आणि चढाला रिक्षा. सकाळी दहापर्यंत क्रांती चौकातला स्टँड ओस पडायचा आणि उस्मानपुऱ्याच्या खालच्या अंगाला सायकलींची जत्रा भरायची. मग आमचा टेम्पो निघायचा. त्यावर ड्रायव्हर रफीकभाई, जन्म छावणीतला, माझ्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, तोंडात सुपारी आणि प्रत्येक गोष्टीवर मत. तो म्हणायचा, "मिस्त्री, लोगां उतरते, हम चढाते. अपनी जिंदगीच चढाव की है."

गिऱ्हाइकं तर एकेक नग. उस्मानपुऱ्यात एक ऑफिसवाले गृहस्थ होते. ते स्टँडवर सायकल लावायचे आणि सीट काढून बॅगेत घालून वर ऑफिसात न्यायचे. संध्याकाळी खाली येऊन सीट बसवायची आणि घरी. दिवसभर ती बिनसिटाची सायकल कोण घेणार? मी त्यांना रंगेहाथ पकडलं, तर म्हणाले, "अहो, मी काय चोरी केली का? सायकल तुमची तुमच्याजवळच आहे." शेवटी सगळ्या सिटांना आतून चपटा बोल्ट मारला, तेव्हा कुठं आमच्या सिटा ऑफिसला जायच्या थांबल्या.

छावणीत फौजेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांना रोज एकच सायकल लागायची. ती जागेवर नसली की मला फोन, "माझी सायकल कुठंय?" मी म्हणायचो, काका, ती सगळ्यांची आहे. ते म्हणायचे, "सगळ्यांची असेल, पण ब्रेक मी घट्ट केलेत." आणि खरंच केले होते. लोकांना फुकट मिळालेल्या वस्तूची कदर नसते असं साहेब लोक मीटिंगमध्ये म्हणायचे, तेव्हा मला हे काका आठवायचे.

बघता बघता योजना वाढली. आधी उस्मानपुरा, मग छावणी, मग कॉलेजांच्या दारात, मग नव्या वसाहतींत. पंक्चरच्या डब्यापासून सुरू झालेलं आमचं खटलं एका मोठ्या शेडमध्ये गेलं. आणि एक दिवस ठरलं की शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टँड टाकायचा. जालना रोडवर बस सोडते, तिथून कारखान्यांची गेटं लांब. कामगार पायपीट करतात. ती जागा मी स्वतः हिंडून निवडली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी गटाचं कार्ड काढलं, म्हणजे एका कार्डावर आठ सायकली उघडायच्या. ती कल्पनाही माझीच. मला त्याचा फार अभिमान होता, आणि तोच पुढं माझ्या गळ्याशी आला.

झालं असं की पहिल्याच महिन्यात शेंद्र्याच्या आठ सायकली रोज संध्याकाळी गायब व्हायला लागल्या. सकाळी पाहावं तर जागेवर हजर. आमच्या नकाशावर शहराभोवती एक लाल रेघ होती. सायकल त्या रेघेबाहेर नेली की कुलपातून कुई कुई आवाज यायचा आणि ऑफिसात दिवा लागायचा. या आठही सायकली रोज रेघ ओलांडून पार पलीकडे, एका मोकळ्या रानात जाऊन थांबायच्या. सगळ्या एकाच कार्डावर. कार्ड होतं हिराबाई नावाच्या, एका कारखान्यात पॅकिंगचं काम करणाऱ्या बाईचं.

कंपनीने एका सुट्टीच्या दिवशी तिकडं माणूस पाठवून फोटो काढले. मीटिंगमध्ये ते भिंतीवर दाखवले. काट्यांच्या कुंपणात आठ सायकली ओळीने उभ्या, काहींवर घोंगडी टाकलेली, आणि प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर निळ्या रंगाचा एक मोठा ठिपका.

मोठे साहेब म्हणाले, "स्वतःच्या खुणा केल्यात. म्हणजे सायकली स्वतःच्या करून घेतल्यात. चोरी, दुसरं काय?" ठरलं असं: कार्ड बंद, त्याच रात्री कुलपं ऑफिसातून बंद, पोलिसात तक्रार आणि शेंद्र्याचा स्टँड कायमचा उचलायचा. तक्रारीवर सही फील्ड सुपरवायझरची, म्हणजे माझी.

आता इथं मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी तीस वर्षं उस्मानपुऱ्यात कुणाला सांगितली नव्हती. मी धनगराच्या घरातला. गंगापूरच्या पुढं आमच्या वडिलांची मेंढरं होती. शिकायला शहरात आलो तेव्हा वसतिगृहातली पोरं माझ्या अंथरुणाला लोकरीचा वास येतो म्हणून नाक धरायची, मेंढका म्हणायची. तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगायचो, आमची शेती आहे. दुकानात सांगितलं, सोयऱ्यांच्या बाहेर सगळीकडं तेच सांगितलं आणि पुढं माझंच मला ते खरं वाटायला लागलं.

तो निळा ठिपका भिंतीवर दिसला आणि मी खुर्चीत पुढं सरकलो. कारण मला तो वाचता येत होता. आमच्याकडे स्वतःच्या मेंढराला रंगाची खूण मानेवर करायची. पण दुसऱ्या कुणी सांभाळायला दिलेलं असेल, राखोळीचं असेल, तर खूण मागं, शेपटाजवळ. म्हणजे कळपात कितीही मिसळलं तरी सगळ्यांना कळावं की हे आपलं नाही, परक्याचं आहे, याला जपायचं आणि मागितल्या दिवशी परत द्यायचं. साहेबांना जी खूण चोरीची वाटत होती, ती चोरीच्या बरोबर उलटी होती.

हे मला त्या खोलीत माहीत होतं आणि मी गप्प बसलो. समोर शिकलेले इंजिनिअर, थंडगार खोली, काचेचं टेबल. तिथं उठून मेंढरांच्या शेपटाबद्दल बोलायचं? माझी जीभ रेटेना. सही मात्र पुढं ढकलली, म्हणालो, आधी सायकली ताब्यात घेतो. तेवढंच काय ते माझं शौर्य.

चार दिवसांनी, कारखान्याच्या सुट्टीच्या दुपारी, रफीकभाई आणि मी टेम्पो घेऊन शेंद्र्याच्या पलीकडं गेलो. रस्ता संपला, गाडीवाट संपली, मग नुसतं रान. बाभळीच्या काट्यांचं गोल कुंपण, म्हणजे मेंढरांचा वाडा, आत मेंढरांची पिल्लं आणि पिल्लांच्या शेजारी आमच्या आठ सायकली. रफीकभाई टेम्पोतून उतरलाच नाही, कारण दोन कुत्री दारात उभी होती. तो खिडकीतून म्हणाला, "मिस्त्री, ये तो अपनीच सायकलां हैं. पर इनकी ड्यूटी अपने से अच्छी है, कुत्तेवाला वॉचमन है इनको."

एक चाळिशीची बाई काठी घेऊन बाहेर आली, कुत्र्यांना दटावलं. त्याच हिराबाई. माझा निळा शर्ट पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आले का दादा! चार दिस झालं, कुलपंच उघडंनात. आमी तुमचीच वाट बगत व्हतो. त्या सायकलीवरच्या लंबरावर फोन केला तर एक बाई म्हनती, एक दाबा, दोन दाबा. समदं दाबून बगितलं."

मला वाटलं होतं भांडण होईल. इथं तर बाई तक्रार नोंदवत होत्या. मी विचारलं, "बाई, सायकली इथं कामून आणता? स्टँडवर लावायच्या असतात."

"स्टँडवरून इथवर चालत यायला घंटाभर लागतो. थंडीत सुट्टी होऊस्तोवर दिवस बुडतो. आमी आठ बाया, रानचा रस्ता. आन सकाळी उशीर झाला, तीन लेट मार्क लागले की ठेकेदार नाय म्हनतो." मग आतल्या बाजूला बोट करून म्हणाल्या, "आमची धाकटी जाऊ, संगीता. तिला काल काढलं. या चार दिसात पायी गेली, तीनदा लेट झाला."

मी खाली पाहिलं. ती चार दिवसांची पायपीट माझ्या गप्प बसण्यातून आली होती. मीटिंगमध्ये एक वाक्य बोललो असतो तर कुलपं चालू राहिली असती. संगीता कुंपणाच्या आत एका पिल्लाला दूध पाजत होती. तिने मान वर केली नाही.

मी विचारलं, "आणि घोंगडी कशाला टाकलीत?"

"रेघ का काय ती वलांडली की कुई कुई वराडतात. मेंढरं बुजतात. मग झाकून टाकतो, जरा गप पडतात." आणि त्या हसल्या. "लई भित्र्या हायेत तुमच्या सायकली."

आता मला बोलावंच लागलं. सांगितलं की कार्ड बंद झालंय, स्टँड उठणार, मी सायकली न्यायला आलोय, आणि ऑफिसात याला चोरी म्हणतात. हिराबाईंनी आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. आत गेल्या, रॉकेलची बाटली आणि एक फडकं घेऊन आल्या, आणि पहिल्या सायकलीच्या मडगार्डवरचा निळा ठिपका पुसायला बसल्या.

रफीकभाईला वाटलं, बाई पुरावा मिटवतेय. तो ओरडला, "ओ बाई, नक्को पोंछो! साब लोगां देखते ना वो!"

मला मात्र कळलं त्या काय करत होत्या. राखोळीचं जनावर धन्याच्या हाती परत देताना खूण पुसून द्यायची असते. आमची आई असंच करायची, ओल्या फडक्यानं, सावकाश, जनावराच्या पाठीवर दुसरा हात ठेवून. चोर म्हणून सांगायला आलेल्या माणसाला ही बाई रीतीनं त्याची वस्तू परत करत होती. दोन सायकली पुसून झाल्या. तिसरीला हात लावला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या बाई. अजून परत न्यायची वेळ आली नाही."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "दादा, तुमाला ठाव हाय व्हय ही खूण?"

"ठाव हाय," मी म्हणालो. कित्येक वर्षांनी तोंडातून तो शब्द तसा आला. "आमचा वाडा गंगापूरकडं होता."

"मग आदी कामून नाय सांगितलं?" त्यांनी सहज विचारलं.

टेम्पो रिकामा परत आला. वाटेत रफीकभाईनं नवी सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाला, "मिस्त्री, तुम धनगर है तो है. मेरेकू बीस साल पैले बोलना था. मैं तुम्हारे घर का मटन खाता." त्याला एवढंच वाईट वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो. तक्रारीचा कागद टेबलावर ठेवला, सही न करता. श्रुती मॅडम म्हणून नकाशा सांभाळणारी तरुण इंजिनिअर होत्या, त्याही होत्या, आणखी चार-पाच जण होते. म्हणालो, "साहेब, मी धनगर आहे. माझे वडील मेंढरं राखायचे. या खुणेचा अर्थ मला पहिल्या दिवशी कळला होता, मी बोललो नाही, ही माझी चूक." मग भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर मेंढराचं चित्र काढून मान कुठं, शेपूट कुठं, खूण कुठं ते दाखवायला लागलो. चित्रकलेत मी शाळेपासून कच्चा. साहेब बराच वेळ पाहून म्हणाले, "मिस्त्री, यात शेपूट कोणतं?" खोली हसली, मीही हसलो. हसल्यावर ऐकणं सोपं होतं, हे दुकानात शिकलेलं.

मी सांगितलं की गावात मुक्कामी एसटी असते. संध्याकाळी शेवटच्या फेरीची बस गावात थांबते, सकाळी तीच पहिल्या फेरीला निघते. तिला कुणी चोरलेली बस म्हणत नाही. ह्या मुक्कामी सायकली समजा. तशाही त्या रिकाम्या स्टँडवर गंज खात उभ्या राहणार, त्यापेक्षा बायांना घरी पोहोचवतील आणि सकाळी आपसूक जागेवर येतील. आपल्या टेम्पोचं डिझेल वाचलं ते वेगळंच.

साहेबांनी एकच विचारलं, "एखादी गेली तर जबाबदार कोण?"

"मी," म्हणालो. शब्द बाहेर पडला आणि जीव भांड्यात पडला. भीती वाटायला हवी होती, पण वाटली मोकळीक.

कार्ड त्याच दिवशी चालू झालं. स्टँड राहिला. साहेबांनी चार महिने पाहू म्हटलं होतं. त्या चार महिन्यांत शेंद्र्याची एकही सायकल गेली नाही. उलट वर्कशॉपमध्ये तपासणीला आल्या तेव्हा अख्ख्या शहरात त्याच आठ सगळ्यांत ठणठणीत निघाल्या. दव पडू नये म्हणून घोंगडी, चेनला वेळेवर तेल. रफीकभाई त्यांना "मेंढ्यां" म्हणायला लागला. मग कंपनीनं इतर टोकांनाही मुक्कामी सायकल सुरू केली. आज शहराच्या चारही बाजूंना, शेवटच्या स्टँडच्या पुढं राहणारे कामगार सायकल घरी नेतात आणि सकाळी आणून लावतात. दुसऱ्या शहरांतले अधिकारी बघायला येतात. त्यांना नकाशे, आलेख दाखवतात. मेंढराचं चित्र कुणी दाखवत नाही, आणि माझं चित्र पाहता ते बरंच आहे.

संगीताला ठेकेदारानं परत घेतलं नाही. मी दोनदा जाऊन बोललो, उपयोग झाला नाही. ती आता मेंढरांमागं जाते. मला पाहिलं की मान वळवते, आणि तिचं चुकत नाही. या सगळ्या कौतुकात ती एक मान वळवणं मला कुठंतरी टोचत राहतं.

लाल रेघ शेंद्र्याच्या बाजूनं पुढं सरकवायची ठरली तेव्हा श्रुती मॅडमनी मला शेजारी बसवलं. नकाशावर त्या काट्याच्या कुंपणाच्या जागी नवा हिरवा ठिपका टाकला, म्हणजे तिथं सायकल कुई कुई करणार नाही. मी खुशीत हिराबाईंना फोन करून सांगितलं की तुमचा वाडा नकाशावर आला, आता कायमचा.

पलीकडून त्या हसायला लागल्या. "कायमचा कसा हो दादा? पंध्रा दिसांनी आमी वाडा उचलतो. मेंढरं दुसऱ्याच्या वावरात बसवायची हायेत, खताला. तुमी सोता धनगराचे ना?"

आता माझ्यावर हसायची पाळी मॅडमची होती. तीस वर्षं शहरात बसून मीच विसरलो होतो की मेंढरांचा वाडा एका जागी राहत नाही. मॅडमनी मात्र हार मानली नाही. दोन दिवस बसून त्यांनी असा ठिपका बनवला जो हलवता येतो. शहरातले बाकी सगळे स्टँड सिमेंटमध्ये पक्के रोवलेले आहेत. एकच चालतो.

मी निवृत्त झालो त्याला वर्ष झालं. वाडा हलला की हिराबाई ऑफिसला कळवत नाहीत, मला कळवतात. गेल्या आठवड्यात फोन आला, "दादा, करमाडच्या अंगाला आलो बगा." मी लगेच ऑफिसला फोन लावला. तिथं कुणी नवीन मुलगी होती. तिनं विचारलं, सर, आपण कोण बोलताय, कुठल्या विभागातून?

मी म्हणालो, "मी धनगर बोलतोय. आमचा वाडा हललाय, तेवढा ठिपका पुढं घ्या."